‘बार्शी स्टेशन’ म्हणजे कोणतें?

जुन्या कागदांत स्थलनिर्णय करितांना कसबा, परगणा, तर्फ यांचा शोध आपण कसोशीनें घेतों. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील खाजगी पत्रें हातीं आलीं कीं ही कसोशी सैल होते. आगगाडीचें स्टेशन ही कालचीच गोष्ट, तिच्यांत निर्णय करण्यासारखें काय आहे, असा आपला समज असतो. तो किती फसवा आहे हें दाखविण्यास सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीचें उदाहरण पुरेसें आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग पुण्याहून सोलापुराकडे सरकत १८५९ सालीं कुर्डुवाडीस पोंचला व पुढील सालीं सोलापुरास गेला. कुर्डुवाडीच्या या स्टेशनाचें रेल्वेदरबारीं नांव ‘बार्शी रोड’. बार्शी तेथून एकवीस मैल! ज्या स्टेशनावर उतरून अमुक गांवची वाट धरावयाची, त्यास त्या गांवाचें नांव देऊन पुढें ‘रोड’ जोडावयाचें, हा रेल्वेवाल्यांचा प्रघात. नाशिक रोड हें त्याचेंच दुसरें प्रसिद्ध उदाहरण होय. लिहिणारा मात्र घाईंत ‘रोड’ शब्द गाळून मोकळा होई. सबब १८९७ पूर्वींच्या पत्रांत ‘बार्शी स्टेशनावर उतरलों’ असें वाक्य आढळल्यास लेखक त्या वेळीं बार्शींत नव्हे, कुर्डुवाडींत होता असेंच समजलें पाहिजे. पुढें बैलगाडीचा दिवसभराचा प्रवास उरलेलाच असे. हा दिवस हिशेबांत न धरिला तर तिथींचा मेळ बसत नाहीं, आणि मग पत्र बनावट ठरविण्यापर्यंत मजल जाते.

पंढरीच्या यात्रेच्या पत्रांत तर घोटाळा अधिकच. पंढरपुरास १९०६ पर्यंत रेल्वे नव्हती. तेथील यात्रेकरूही बार्शी रोडला उतरून सुमारें एकतीस मैल दक्षिणेकडे जात. बार्शी पूर्वेस. अशा पत्रांत ‘बार्शी’ हें नांव आलें तरी लेखकानें बार्शी गांव जन्मांत पाहिलें नसेल! केवळ त्या नांवावरून पत्रावर ‘बार्शी येथील’ अशी चिठ्ठी डकविणाऱ्या संग्राहकांनीं इकडे लक्ष द्यावें.

प्रत्यक्ष बार्शी गांवाला स्टेशन मिळालें तें १८९७ सालीं. एव्हरर्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्यानें १८९५ सालीं स्थापन झालेल्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीमार्फत अडीच फूट रुंदीचा मार्ग बांधिला. प्रत्येक आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, हें त्याचें सूत्र. इंजिन जड असलें तरी त्याचा भार अनेक आंसांवर वांटल्यामुळें हलके रूळ पुरत व खर्च आटोक्यांत राही. कापूस व धान्य यांची ही मोठी पेठ गाडीवाटेवर अवलंबून होती, तिला याचा लाभ झाला हें सांगणें नलगे. मार्ग पुढें १९०६ त पंढरपुरास, १९११ त लातुरास व १९२७ त मिरजेस पोंचला. एकंदर लांबी सुमारें दोनशें मैल झाली. लातूर तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यामुळें एकाच गाडीचा माल दोन राज्यांतून जाई. या सालांचा उपयोग उघड आहे: पंढरपुरीं गाडींत बसल्याचा उल्लेख असलेलें मितिहीन पत्र १९०६ च्या पूर्वींचें असूं शकत नाहीं.

वेळेच्या उल्लेखांबाबतही सावध असावें. हिंदुस्थानास एक प्रमाणवेळ मिळाली ती १९०६ च्या आरंभीं. तत्पूर्वीं रेल्वेचीं घड्याळें सामान्यतः मद्रासच्या वेळेवर चालत, आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेहून सुमारें अर्धा तास पुढें असे.

आतां नांवाविषयीं थोडेंसें. बार्शीकर लोक गांवाच्या नांवाचा संबंध तेथील भगवंताच्या देवळाशीं व अंबरीष राजाच्या द्वादशीव्रताशीं जोडतात. ‘द्वादशी’चें प्राकृत रूप ‘बारसी’ असल्यानें ही व्युत्पत्ति ध्वनिदृष्ट्या असंभवनीय नाहीं. पण ध्वनि जुळला एवढ्यानें इतिहास सिद्ध होत नाहीं, आणि आमच्या मतें याला जुन्या लेखाचा आधार हवा. गंमत इतकीच कीं रेल्वेच्या इंग्रजींतील ‘बार्सी’ हें सकारयुक्त रूप, अज्ञानानें कां होईना, त्या प्राकृताच्या अधिक जवळ गेलें आहे.

कंपनी १९५४ च्या आरंभीं सरकारनें विकत घेतली. लातूर ते कुर्डुवाडी हा मार्ग २००८ पर्यंत रुंद झाला व अरुंद रूळ गेले. वेळापत्रकांत मात्र ‘बार्शी टाउन’ हें नांव राहिलें आहे; त्यांतील ‘टाउन’ कशासाठीं, हें ‘रोड’ ठाऊक असल्याखेरीज उमगत नाहीं.

अडत्यांच्या दप्तरांतील मालाच्या बिल्ट्या व पावत्या हें या निर्णयाचें खरें साधन. त्यांवर पाठविणारें स्टेशन, पोंचण्याचें स्टेशन आणि तारीख हीं तिन्ही एकत्र मिळतात. तरी रुमाल सोडतांना मोडी कागद तेवढे ठेवून छापील चिटोरीं रद्दींत टाकूं नयेत. ज्या पत्राच्या घडींत बिल्टी सांपडेल त्याच पत्राबरोबर ती ठेवून दोहोंस एकच अनुक्रमांक द्यावा.