छर्‍यांमधली जागा

७ नोव्हेंबर १८६९. पॅरिसमध्ये आर्क द त्रियोंफपाशी जमलेल्या गर्दीत तुम्ही घुसला आहात. शंभराच्या आसपास लोक इथून १२३ किलोमीटरवरच्या रूआँ शहरापर्यंत सायकलने जायला निघालेत. शर्यतीच्या नियमांतली एक अट ऐकून तुम्हाला हसू येतं: गाडीला कुत्रा जुंपायचा नाही आणि शीड लावायचं नाही. म्हणजे तसं करणारे महाभाग असणार!

सायकल म्हणजे तरी काय, तर पेडल पुढच्याच चाकाला. पाय एकदा फिरवला की चाक एकदा फिरणार. जरा खाली वाका आणि पुढच्या चाकाच्या मध्याकडे बघा. बहुतेकांच्या सायकलीत लोखंडी आस पितळेच्या बुशात नुसता घासत फिरतो. तेल असतं तोवर ठीक. ते सुकलं की किंचाळायला लागतो. जेम्स मूर नावाच्या इंग्रज तरुणाची गाडी मात्र वेगळी आहे. ज्यूल सुरिरे या पॅरिसच्याच कारागिराने तिच्या आसाभोवती पोलादाचे छर्रे बसवलेत. त्याचं पेटंट त्याने याच वर्षी ऑगस्टमध्ये घेतलंय.

मूर दहा तासांहून जास्त वेळ घेतो, पण पहिला येतो. त्याच्या मागच्यांना रूआँला पोचायला आणखी पाव तास लागतो. श्रेय छर्‍यांचं की मूरच्या पोटर्‍यांचं, हे प्रामाणिकपणे सांगणं कठीण आहे. सायकली विकणार्‍यांना मात्र असा निकाल लावायला वेळ लागत नाही. पुढे हळूहळू छर्रे नसलेली सायकल जुनाट ठरते.

पण छर्रे घालायचं सुचणं हा या कामातला सोपा भाग. ते तर सुरिरेच्या पाऊणशे वर्षं आधी, १७९४ मध्ये, वेल्समधल्या कारमार्दन गावच्या फिलिप व्हॉनलाही सुचलं होतं. घोडागाडीच्या आसासाठी त्याने पेटंट घेतलं. अवघड काय होतं ते बघायला तुम्हाला आणखी मागे, १४९० च्या दशकातल्या मिलानला जावं लागेल.

स्फोर्झा दरबारात नोकरीला असलेला लिओनार्दो दा विंची वहीत उलट्या अक्षरांत काहीतरी लिहितोय. त्याच्या खांद्यावरून डोकवा. कागदावर एका कड्यात छर्रे मांडलेत आणि तो एका अडचणीशी झगडतोय. शेजारी-शेजारी दोन छर्रे, दोन्ही एकाच दिशेनं गरगरतायत. जिथे ते एकमेकांना टेकतात तिथे एकाची बाजू वर चाललीय आणि दुसर्‍याची खाली. म्हणजे आसाचं घासणं वाचवायला छर्रे आणले आणि तेच आता आपसात घासू लागले. लिओनार्दोचा उपाय असा की प्रत्येक छर्‍याला आपापल्या जागी अडकवायचं, म्हणजे कोणी कोणाला शिवणार नाही. आज बेअरिंग उघडलं की छर्‍यांना धरून ठेवणारा पत्र्याचा जो पिंजरा दिसतो, त्याचीच ही कल्पना. पण ही वही पुढे माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात चुकीच्या क्रमांकाखाली पडून राहिली आणि १९६० च्या दशकात सापडली. तोवर लोकांनी हेच सगळं आपापल्या ठेचा खाऊन शोधून काढलं होतं.

आता १८८३. बव्हेरियात माइन नदीकाठी श्वाइनफुर्ट नावाचं गाव आहे. इथल्या फ्रीडरिश फिशरचा बाप ऑर्गन बनवणारा, त्यात सायकलचं वेड. मुलगा सायकलीचं दुकान चालवतो आणि छर्‍यांपायी वैतागलाय. त्याच्या बाकावरून दोन छर्रे उचला. दोन्ही लेथवर कातलेले. तळहातावर घेतले तर तुम्ही म्हणाल, अगदी गोल आहेत. पण मोजायला घ्या, एक दुसर्‍यापेक्षा केसभर मोठा निघतो. बेअरिंगमध्ये हे केसभर फार महागात पडतं. मोठा छर्रा एकटाच सगळं ओझं पेलतो आणि बाकीचे नुसते सोबतीला फिरतात. मोठ्याचा टवका उडाला की त्या टवक्याने बाकीचेही जातात.

फिशरने केलेलं यंत्र मला या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात देखणी युक्ती वाटते. तो एकेका छर्‍याच्या मागे लागत नाही. तो मूठभर छर्रे दोन तबकड्यांच्या मधे टाकतो आणि त्यांना अशा बेतानं फिरवतो की प्रत्येक छर्रा सतत कूस बदलत राहील. तबकड्यांमधलं अंतर सगळ्यांना एकच. मग जो मोठा तो आधी घासला जातो. लहानाला दाब लागतच नाही. एकाच छर्‍यावर जी बाजू उंच, तीही आधी झिजते. वरच्याला खाली आणत आणत सगळे एका मापाचे होतात. कारागिराच्या नजरेवर काही सोडलेलं नाही. आजही छर्रे याच तत्त्वावर घासतात: तारेचा तुकडा ठोकून ओबडधोबड गोळा करायचा, भट्टीत घालून कडक करायचा आणि मग तबकड्यांमध्ये तासन् तास फिरवायचा.

(साठ वर्षांनी याच गावावर अमेरिकन विमानं बॉम्ब टाकायला आली, कारण जर्मनीच्या बेअरिंगचा मोठा हिस्सा इथेच बनत होता. १४ ऑक्टोबर १९४३ या एका दिवसात त्यांची ६० बी-१७ विमानं परत गेली नाहीत. छर्‍यासाठी एवढी किंमत! पण तिथे रेंगाळू नका.)

छर्रे सारखे झाले, आता ते धावायचे कशात? या प्रश्नाचं उत्तर बर्लिनमध्ये आहे आणि ते देणार्‍याला बेअरिंगशी काही देणंघेणं नाही. १८८० च्या नाताळच्या सुटीत हाइन्रिश हर्ट्झ, वय २३, काचेची भिंगं एकमेकांवर दाबून त्यांच्यातली रंगीत वलयं बघत बसलाय. त्याला छळणारा प्रश्न असा की भिंगं दाबली की ती किंचित चपटी होत असणार, मग ती टेकतात तेवढी जागा किती मोठी? गणित करून तो सांगतो की चेंडूसारख्या दोन वस्तूंमधला जोर आठपट झाला तर त्या जागेवरचा दाब दुप्पट होतो, कारण चपटेपणामुळे ती जागाही पसरते. पोलादी छर्‍याखालची ही जागा डोळ्याला दिसणार नाही इतकी लहान असते. छर्‍याच्या खाणाखुणा कड्यावर कायमच्या उमटू नयेत म्हणून आज जो दाब कमाल धरतात, तो आहे ४,२०० मेगापास्कल. म्हणजे एका चौरस मिलीमीटरवर क्विंटलभर ज्वारीची चार पोती आणि वर थोडं.

मग वीस वर्षं पुढे या. बर्लिनजवळच नॉयबाबेल्सबर्गच्या प्रयोगशाळेत रिशार्ड स्ट्रिबेक छर्रे दाबून फोडतोय. त्याच्या टेबलाशी उभं राहून दोन गोष्टी शिकून घ्या. पहिली अशी की छर्रे भार वाटून घेतात खरे, पण समान नाही. आसाचं ओझं खाली असतं, म्हणून वरचे छर्रे मोकळे असतात आणि तळाच्या छर्‍यावर सरासरीच्या सुमारे पाचपट ओझं येतं. दहा छर्रे असतील तर तळाचा एकटा अर्धं ओझं उचलतो. दुसरी गोष्ट खाचेची. सपाट कड्यावर छर्रा ठेवला तर तो टिंबावर टेकतो. खाच छर्‍याच्या गोलाईला जुळवली तर टेकणारी जागा लांबते, ओझं पेलतं. मग बरोब्बर छर्‍याच्या मापाचीच खाच का नको? कारण छर्रा खाचेला जितका चिकटून बसेल, तितके त्याचे वेगवेगळे भाग आसापासून वेगवेगळ्या अंतरावर असतील, वेगवेगळ्या वेगानं जाऊ पाहतील आणि घसरतील. लोळणं संपून घासणं परत आलंच! म्हणून १० मिलीमीटर व्यासाच्या छर्‍याला ५ ऐवजी ५.२ मिलीमीटरच्या आसपास त्रिज्येची खाच देतात. हे वरचे शून्य पॉइंट दोन जास्त झाले तर कडं फुटतं, कमी झाले तर बेअरिंग तापतं.

आता छर्रे या खोल खाचेत भरायचे कसे? आधी कड्याच्या कडेला एक चीर पाडून त्यातून ते आत सोडत; पण त्या चिरेपाशी कडं दुबळं व्हायचं. १९०३ मध्ये रॉबर्ट कॉनराडने काढलेली रीत तुम्ही आपल्या हातांनीच करून बघा. मोठं कडं टेबलावर आडवं ठेवा. आतलं लहान कडं त्यात ठेवून एका बाजूला सरकवत नेऊन टेकवा. समोरच्या बाजूला चंद्रकोरीसारखी फट उघडते. त्यात एकामागून एक छर्रे टाका, मावतील तेवढेच. आता आतलं कडं मध्ये आणा, छर्रे बोटाने पसरवून सारख्या अंतरावर न्या आणि वरून-खालून पिंजरा घालून रिव्हेट मारा. झालं. ६२०५ नंबरच्या बेअरिंगमध्ये नऊ छर्रे असतात. दहावा घालायचा म्हटलं तर चंद्रकोरीत शिरत नाही. गोलात रिकामी जागा पाहून ‘आणखी दोन छर्रे बसले असते की’ असं वाटतं, पण ती जागा आहे म्हणूनच बाकीचे आत गेलेत.

सगळं नीट जमलं असं वाटत असतानाच तुम्ही स्वीडनला, गोथेनबर्गच्या गाम्लेस्तादेन कापड गिरणीत येऊन पोचता आणि सगळं बिघडलेलं दिसतं. साल १९०६. वर बघा. छताखालून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबच लांब शाफ्ट गेलेत, त्यांच्यावर पुल्या आणि पुल्यांवरून खाली मागांपर्यंत उतरलेले चामडी पट्टे. लालबाग-परळच्या गिरण्यांतही तेव्हा हीच व्यवस्था होती. ही गिरणी मात्र चिकणमातीवर उभी आहे आणि माती दबते. इमारत इथे बोटभर खचते, तिथे कलते, आणि छताला टांगलेला शाफ्ट सरळ राहत नाही. जर्मनीहून मागवलेली नवी बॉल बेअरिंगं आली की काही काळ झक्क चालतात. पुढे वाकड्या शाफ्टबरोबर आतलं कडं कलतं, बाहेरचं कडं आपल्या घरात गच्च बसलेलं, आणि मध्ये छर्रे चेंगरतात. बेअरिंग जातं, पट्टा उतरवावा लागतो, मागांची एक ओळ बंद. नवं बेअरिंग यायला आणखी वेळ.

या गिरणीचा इंजिनिअर स्वेन विंगक्विस्ट तिशीचा आहे. दुसरा कोणी असता तर त्याने मिस्त्री बोलावून शाफ्ट सरळ करवून घेतला असता, माती दबली की पुन्हा. विंगक्विस्ट शाफ्ट वाकडाच राहणार हे गृहीत धरून कागद घेऊन बसतो. त्याच्या आकृतीत छर्‍यांच्या दोन ओळी आहेत. आतल्या कड्याला दोन खाचा. बाहेरच्या कड्याला मात्र खाचच नाही. त्याची आतली बाजू एका मोठ्या चेंडूच्या आतल्या बाजूसारखी घासलेली आणि त्या चेंडूचा मध्य बरोब्बर शाफ्टच्या मध्यावर. शाफ्ट कलला की आतलं कडं, पिंजरा आणि छर्रे सगळे मिळून त्या पोकळीत कलतात आणि निवांत फिरत राहतात. छर्रे चेंगरत नाहीत. १९०७ मध्ये पेटंट आणि त्याच वर्षी, फेब्रुवारीत, एसकेएफ ही कंपनी. याच कंपनीचा कारखाना पुढे आपल्या चिंचवडला आला.

फुकट काही मिळालेलं नाही, हे तुम्ही आता ओळखलं असेलच. बाहेर खाच नाही म्हणजे छर्रा तिथे पुन्हा जवळजवळ टिंबावर टेकतोय. म्हणून घर्षण बॉल बेअरिंगांत सगळ्यात कमी, आणि ओझं पेलण्याची ताकदही कमी. जड कामांसाठी त्याच कंपनीतल्या अर्विड पाल्मग्रेनने १९१९ मध्ये छर्‍यांऐवजी पिंपाच्या आकाराचे रोलर घातले. ते कलतातही आणि पोकळीला लांबवर टेकतातही.

याच पाल्मग्रेनने एक हिशेबही मागे ठेवला. ढीगभर सारखी बेअरिंगं एकाच ओझ्याखाली फिरवत ठेवली तर ती एकाच वेळी जात नाहीत, मागेपुढे जातात. म्हणून आयुष्य कोणतं सांगायचं? शंभरातली नव्वद जोवर चालू आहेत तोवरचं. १९४७ मध्ये गुस्ताफ लुंडबेरीबरोबर त्याने ते पक्कं मांडलं: ओझं निम्मं केलं तर बॉल बेअरिंगचं आयुष्य आठपट.

हा हिशेब चालू असलेली एखादी जागा बघायची तर फार लांब नको. भोसरीच्या एका डिझाइन ऑफिसात आजच्या तारखेला उतरा. एक मुलगी पंपाच्या शाफ्टसाठी बेअरिंग निवडतेय. शाफ्ट २५ मिलीमीटर, मोटर मिनिटाला १,४४० फेर्‍यांची, बेअरिंगवर ओझं १.४ किलोन्यूटन. ६२०५ ची क्षमता, म्हणजे ज्या ओझ्याखाली शंभरातली नव्वद बेअरिंगं दहा लाख फेर्‍या टिकतात ते ओझं, १४ किलोन्यूटनच्या आसपास, म्हणजे ओझ्याच्या दहापट. निम्म्या ओझ्याला आठपट आयुष्य म्हणजे हिशेब घनाचा; दहाचा घन हजार. हजार दशलक्ष फेर्‍या, म्हणजे साडेअकरा हजार तास. गिर्‍हाइकाचा पंप चोवीस तास चालणार, सुमारे सोळा महिन्यांत आकडा संपतो.

“सर, ६३०५ घेऊ या का? आयुष्य साधारण चौपट होतंय.”

“शाफ्टचा व्यास बदलायला नको, भोक २५ चंच आहे. पण बाहेरून ५२ ऐवजी ६२. कास्टिंगमध्ये तेवढी जागा आहे का, ते बघितलंस?”

ती ड्रॉइंग उघडते आणि बेअरिंगच्या घराभोवती किती भिंत उरते ते मोजायला लागते.