नागपूरची दिव्या आणि कॅटलन डाव

आपल्या महागावातून जाणारा महामार्ग ज्या नागपूरला पोचतो, तिथल्या एका मुलीच्या बुद्धिबळाच्या डावाची आज गोष्ट.

त्याआधी थोडं मागचं. 1976 साली मुंबईची 13 वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. पुरुषांनी हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी सांगितलं, की बाई आहे म्हणून कोणाला अडवता येणार नाही. तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

आता 28 जुलै 2025. जॉर्जिया देशातलं बाटुमी शहर, महिला विश्वचषकाची अंतिम फेरी. पटाच्या दोन्ही बाजूंना आपल्याच देशाच्या बाया! एकीकडे 19 वर्षांची दिव्या देशमुख, दुसरीकडे आंध्रची 38 वर्षांची कोनेरू हम्पी. लेक झाल्यावर काही काळ थांबून परत खेळायला आलेली, जलद बुद्धिबळात दोनदा जगज्जेती. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव लावले, त्यातला पहिलाही बरोबरीत.

दुसऱ्यात पांढरी मोहरी हम्पीकडे. तिने कॅटलन सुरुवात केली. या नावाची मजाच आहे. 1929 साली बार्सिलोनाच्या स्पर्धेत आयोजकांनी टार्टाकोव्हर या खेळाडूला सांगितलं, आमच्या कॅटलोनिया प्रांताच्या नावाने एक सुरुवात काढून दे. त्याने काढली. यात वजिरापुढचं आणि त्याच्या शेजारच्या उंटापुढचं प्यादं दोन-दोन घरं पुढे जातं. मग राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचं आणि त्याच्या मागे उंट बसवायचा. मचाणावर जागलीला बसलेल्या माणसासारखा तो पटाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी नजर ठेवतो. घाई नाही, समोरच्याला हळूहळू आवळत न्यायचं. मला विचाराल तर ही अनुभवी बाईची सुरुवात, हम्पीला शोभणारी.

पण दिव्या त्या दाबाखाली मोडली नाही. डाव लांबला, हम्पीच्या घड्याळात वेळ कमी उरला आणि शेवटी शेवटी तिच्या हातून चूक झाली. दिव्या जिंकली आणि आईच्या गळ्यात पडून रडली.

स्पर्धेला आली तेव्हा दिव्या ग्रँडमास्टर नव्हती. तो किताब या विजयाने थेट मिळाला. भारतातली ती 88वी, बायांमध्ये चौथी. पहिली हम्पीच, 2002 साली, वयाच्या 15व्या वर्षी.