अल्पपरिचित ट्रॅक्टर-निर्माते आणि शिरोळ परिसरातील यंत्रसंस्कृती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

यंत्रांचा इतिहास बहुधा यशस्वी कारखान्यांच्या अंगाने लिहिला जातो. भारतीय शेतीच्या यांत्रिकीकरणाचा अभ्यासही त्याला अपवाद नाही. महिंद्र, मॅसी फर्ग्युसन, एस्कॉर्ट्स, स्वराज ही नावे प्रत्येक विवेचनात येतात. परंतु ज्यांचे उत्पादन थोडीच वर्षे चालले, ज्यांची विक्रीकेंद्रे बंद झाली, त्या निर्मात्यांच्या ट्रॅक्टरांचे पुढे काय झाले, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. अशा जुन्या ट्रॅक्टरांविषयी ग्रामीण भागात एक वेगळे ममत्व आढळते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या पार्श्वभूमीवर या ममत्वाचे ऐतिहासिक स्वरूप तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शिरोळची भूमी आणि यंत्राची गरज

कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला शिरोळ तालुका काळ्या, कसदार जमिनीसाठी प्रसिद्ध आहे. ही जमीन जितकी सुपीक तितकीच मशागतीला जड. लाकडी नांगराने तिच्यात खोलवर नांगरट होत नसे. म्हणून या परिसरात ट्रॅक्टरच्या आधी लोखंडी नांगराचा इतिहास सुरू होतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावी लोखंडी नांगराची निर्मिती आरंभिली आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीची स्थापना केली. लोखंडामुळे जमीन नासते या समजुतीने शेतकरी प्रारंभी नांगर घेण्यास कचरत होते, असे सांगितले जाते. पुढे हाच नांगर घरोघरी पोहोचला.

स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी साखर कारखानदारीने या भागाचे अर्थकारण बदलले. शिरोळ तालुक्यातीलच निमशिरगावचे देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार यांनी पंचगंगा सहकारी साखर कारखान्याची उभारणी केली. पुढे खुद्द शिरोळ येथे श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसामुळे ट्रॅक्टरचे काम दुहेरी झाले. उन्हाळ्यात नांगरट व सरी सोडणे आणि गळीत हंगामात शेतापासून कारखान्यापर्यंत ट्रॉली ओढणे, अशी दोन्ही कामे त्याच्याकडे आली. वर्षभर कामात राहणारे यंत्र शेतकरी सहजासहजी टाकून देत नाही, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

परवानामुक्तीनंतरचे निर्माते

भारतात ट्रॅक्टर-निर्मितीचा आरंभ १९५९ मध्ये फरिदाबाद येथे आयशरच्या कारखान्यात झाला. बव्हेरियातील फॉर्स्टर्न या गावच्या आयशर बंधूंच्या कारखान्याचे त्यास तांत्रिक सहकार्य होते. १९६८ मध्ये ट्रॅक्टर-उत्पादन परवानामुक्त झाले आणि १९७० नंतरच्या दशकात अनेक नवे निर्माते पुढे आले. पिंजोर येथे एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरच्या सहकार्याने २५११ हे प्रतिमान काढले. महाराष्ट्रात १९७४ च्या सुमारास दोन प्रयत्न झाले. किर्लोस्कर ट्रॅक्टर्सने जर्मनीच्या डॉइट्झ कंपनीच्या सहकार्याने नाशिक येथे उत्पादन सुरू केले, तर पुण्याच्या पित्ती ट्रॅक्टर्सने स्वतःच्या तंत्रज्ञानावर भिस्त ठेवली. गाझियाबादचा हर्षा ट्रॅक्टर रशियन सहकार्याने याच सुमारास अवतरला.

यांपैकी बहुतेक प्रयत्न फार काळ टिकले नाहीत. याचे कारण केवळ यंत्राच्या गुणवत्तेत शोधणे योग्य ठरणार नाही. डॉइट्झ इंजिन हवेने थंड होणारे होते. त्यास रेडिएटर व पाण्याची गरज नव्हती. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती उत्तम रचना होती. परंतु ट्रॅक्टर हे एकदा विकून मोकळे होण्याचे साधन नाही. तालुक्याच्या ठिकाणी विक्रेता, सुटे भाग, जाणकार फिटर आणि कर्ज देणारी बँक ही साखळी त्यामागे उभी असावी लागते. ज्या निर्मात्यांना ही साखळी विणता आली नाही, ते मागे पडले. ज्या किर्लोस्कर नावाने नांगर घरोघरी पोहोचला, त्या नावालाही ट्रॅक्टरच्या क्षेत्रात तसे यश लाभले नाही, ही घटना या दृष्टीने बोलकी आहे. मोठा निर्मातादेखील यातून सुटत नाही. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला.

मेस्त्रीची परंपरा

कारखाना बंद पडला म्हणजे त्याचा ट्रॅक्टर लगेच भंगारात जातो असे नाही. कोल्हापूर परिसरात ही शक्यता अधिक असण्याचे कारण येथील उद्यमशीलतेत आहे. शिवाजी उद्यमनगरातील लेथ, परिसरातील ओतकाम कारखाने आणि पाणी उपसण्याच्या ऑइल इंजिनांच्या निर्मितीतून घडलेले कारागीर यांमुळे बाजारात न मिळणारा भाग नमुना पाहून घडविण्याची परंपरा येथे रुजली. झिजलेल्या दांड्याला भरण करणे, बोअर वाढवून मोठे पिस्टन बसविणे, दुसऱ्या कंपनीचा पंप जुळवून घेणे ही या परंपरेची नित्याची कामे होत. अशा प्रकारे नाव एका कारखान्याचे आणि अंतरंग अनेक हातांचे, असे यंत्र तयार होते.

युरोपातील जुन्या ट्रॅक्टरांच्या छंदाशी तुलना केल्यास हा फरक ठळक होतो. ब्रिटनमध्ये जुन्या ट्रॅक्टरांच्या शौकिनांचा राष्ट्रीय क्लब १९६५ मध्ये स्थापन झाला. जर्मनीत १९२१ पासून निघालेल्या लान्झ बुलडॉगचे एकेरी सिलिंडरचे इंजिन ऐकण्यासाठी आजही मेळावे भरतात. तेथे ट्रॅक्टर शेतीतून निवृत्त झाल्यावर छंदाचा विषय होतो आणि मूळ रंग, मूळ भाग यांना मोल येते. येथे मात्र ममत्व कामातच निर्माण होते. दसऱ्याला खंडेनवमीच्या पूजेत ट्रॅक्टरला हार चढतो. कोल्हापूर-सांगली भागात ट्रॉलीसह ट्रॅक्टर मागे घेण्याच्या स्पर्धांना गर्दी लोटते. एचएमटीसारख्या बंद पडलेल्या निर्मितीचे चाहते तिच्या ओढण्याच्या ताकदीचे दाखले देतात. या चाहत्यांच्या लेखी ट्रॅक्टर अजून राबतो आहे, हीच त्याची प्रतिष्ठा.

वारशाची व्याख्या आणि तिची मर्यादा

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम प्रसृत केले. त्यानुसार प्रथम नोंदणीस पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली आणि व्यापारी वापरात नसलेली दुचाकी व चारचाकी वाहने या वर्गात येतात. ही व्याख्या हौसेने जपलेल्या मोटारींसाठी सुयोग्य आहे. परंतु पन्नास वर्षे चिखलात राबलेला, पाच वेळा इंजिन उतरविलेला ट्रॅक्टर तिच्यात बसणे कठीण आहे. ज्या दुरुस्त्यांमुळे तो जगला, त्याच दुरुस्त्या त्याला वारसा ठरण्यापासून दूर ठेवतात. परिणामी त्याच्यासमोर राबणे किंवा भंगारात जाणे, एवढेच दोन पर्याय उरतात.

शिरोळच्या बाबतीत या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी या तालुक्याला वेढले. अशा पुरात यंत्र पुन्हा सुरू करता येते. पण घरातील खरेदीच्या पावत्या, कर्जाचे कागद, नोंदणी पुस्तिका आणि निर्मात्याने दिलेले माहितीपुस्तक एकदा भिजून गेले की परत मिळत नाही. अल्पायुषी कारखान्यांच्या बाबतीत तर हेच कागद इतिहासाची प्रथम दर्जाची साधने ठरतात.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, अल्पपरिचित निर्मात्यांच्या ट्रॅक्टरांचा इतिहास दोन टप्प्यांत लिहावा लागेल. पहिला टप्पा कारखान्याचा. तो थोडक्या वर्षांत संपतो. दुसरा टप्पा शेतकरी, चालक आणि मेस्त्री यांचा. तो कित्येक दशके चालतो आणि त्याची नोंद कोणत्याही कंपनीच्या दप्तरी होत नाही. या यंत्रांचे ऐतिहासिक मोल मूळ स्वरूपाच्या कसोटीवर ठरविल्यास हा दुसरा टप्पाच पुसला जाईल. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी परिसरातील वृद्ध चालक व कारागीर यांच्या मुलाखती, सुट्या भागांची छायाचित्रे आणि कागदपत्रांच्या प्रती यांचा संग्रह हाती घेतल्यास स्थानिक इतिहासाचे एक दुर्लक्षित दालन खुले होईल. ट्रॅक्टर दुरुस्त करणारे हात थकत चालले असल्याने हे काम लवकर होणे अगत्याचे आहे.