कॅमेऱ्यातून कचेरीत: डिजिटल छायाचित्रे उतरवून घेण्याचा इतिहास

डिजिटल कॅमेऱ्याचा इतिहास सहसा भिंगे, संवेदक आणि मेगापिक्सेल यांच्या अंगाने सांगितला जातो आणि काढलेले छायाचित्र कॅमेऱ्यातून संगणकात कसे पोहोचले, या प्रश्नाची बोळवण तळटिपेत होते. विमा, मालमत्ता-व्यवहार, शिक्षण, बांधकाम अशा क्षेत्रांतील कचेऱ्यांत मात्र हे यंत्र रुळले की कपाटात पडून राहिले, याचा निकाल बव्हंशी याच प्रश्नावर लागला. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे कोडॅक कंपनीचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी 1975 साली जे पहिले प्रायोगिक यंत्र बनवले, त्यात एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवायला 23 सेकंद लागत आणि ते पाहायचे तर ती फीत दुसऱ्या उपकरणात घालून दूरचित्रवाणी संचाला जोडावी लागे. चित्र काढणे आणि ते उतरवून घेणे या दोन कामांची फारकत अशी मुळापासूनच होती.

1990 च्या दशकात बाजारात आलेल्या ॲपल क्विकटेक 100 (1994) सारख्या कॅमेऱ्यांत स्मृती आतच बसवलेली असे आणि चित्रे बाहेर काढण्याचा मार्ग म्हणजे सिरियल केबल, म्हणजेच माहितीचा एकेक अंश एकामागून एक वाहून नेणारी तार. क्विकटेकमध्ये 640 × 480 बिंदूंची जेमतेम आठ चित्रे मावत. वैयक्तिक संगणकावरील सिरियल जोडणीचा वेग सेकंदाला 1,15,200 अंशांच्या पुढे सहसा जात नसे, म्हणून एक मेगाबाइट माहिती उतरायला उत्तम स्थितीतही दीड मिनिट लागे. मंद जोडणीवर हाच अवधी पाव तासावर जाई. वेळेपेक्षाही जाचक होती ती पूर्वतयारी: कोणत्या पोर्टला तार जोडायची हे ठरवणे, उत्पादकाने दिलेली आज्ञावली बसवणे आणि कॅमेरा व संगणक यांच्यात दुभाष्याचे काम करणारा ड्रायव्हर जुळवणे. टंकलेखन आणि पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला या पायऱ्या पाठ करायला लावणे, हाच त्या काळचा उपाय होता आणि तो फारसा लागू पडला नाही, यात नवल नाही.

या कोंडीतून वाट काढली ती तंत्रदृष्ट्या मागासलेल्या वाटणाऱ्या एका कल्पनेने. सोनी कंपनीने 1997 साली एमव्हीसी-एफडी5 आणि एमव्हीसी-एफडी7 हे दोन मॅव्हिका कॅमेरे आणले. मॅव्हिका हे नाव कंपनीने 1981 मध्ये दाखवलेल्या, चित्रे लहान चुंबकीय तबकडीवर ॲनालॉग स्वरूपात साठवणाऱ्या कॅमेऱ्यापासून चालत आलेले होते. नव्या मॅव्हिकाच्या पोटात साडेतीन इंची, 1.44 मेगाबाइटची, कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी साधी फ्लॉपी बसे. कॅमेरा तिच्यावर जेपेग या सर्वमान्य संक्षिप्त स्वरूपात चित्रे लिहून ठेवी आणि तीच फ्लॉपी काढून संगणकात सरकवली की चित्रे इतर कोणत्याही फाइलप्रमाणे उघडत. तार, ड्रायव्हर, आज्ञावली यांपैकी कशाचीच गरज उरत नसे. दर्जानुसार एका फ्लॉपीवर साधारण 15 ते 40 चित्रे मावत, प्रत्येक चित्र लिहिले जाईपर्यंत काही सेकंद थांबावे लागे आणि कॅमेरा चांगलाच अवजड होता. तरीही दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांत मॅव्हिकाची गणना होत असे. छायाचित्रणाचे जाणकार या कॅमेऱ्याकडे नाक मुरडत, पण कचेरीची गरज त्याच्या रचनाकारांनी अधिक नेमकी ओळखली होती: फ्लॉपी फाइलीला टाचता येई, साहेबांच्या टेबलावर ठेवता येई, तिच्या चिकटपट्टीवर प्रकरणाचा क्रमांक लिहिता येई आणि ती हाताळायला कर्मचाऱ्याला काहीही नवे शिकावे लागत नसे. अनेक कार्यालयांत तेव्हा वापरात असलेल्या विंडोज एनटी 4.0 या प्रणालीत यूएसबीची सोयच नव्हती, ही बाबही फ्लॉपीच्या पथ्यावर पडली.

याच सुमारास कॉम्पॅक्टफ्लॅश, स्मार्टमीडिया, मेमरी स्टिक आणि 1999 मध्ये जाहीर झालेले एसडी अशी एकमेकांत न बसणारी कार्डे बाजारात दाटली. स्मार्टमीडिया कार्ड पोटात घेऊन फ्लॉपीच्या खाचेत शिरणारे फ्लॅशपाथ नावाचे साधनही निघाले. मात्र त्यालाही स्वतःचा ड्रायव्हर लागतच असल्यामुळे फ्लॉपीचे रूप घेऊनही तिचा खरा गुण त्याला साधला नाही.

खरे सुलभीकरण झाले ते कोणाच्या फारसे नजरेत न आलेल्या करारांमुळे. जपानमधील जेइडा या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने 1998 साली डीसीएफ हा नियमसंच ठरवला. त्यानुसार कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्याने आपली चित्रे डीसीआयएम या एकाच नावाच्या फोल्डरमध्ये, 100 ते 999 क्रमांकांच्या उपफोल्डरांत आणि चार अक्षरे व चार अंक अशा नावांनी ठेवायची होती. यूएसबी मास स्टोरेज या पद्धतीमुळे कॅमेरा संगणकाला एखाद्या साध्या डिस्कसारखा दिसू लागला. विंडोज 98 मध्ये त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागे, विंडोज 2000 पासून तो प्रणालीतच येऊ लागला. सन 2000 मध्ये प्रमाणित झालेल्या पीटीपी या संवाद-नियमामुळे संगणक कॅमेऱ्याला कॅमेरा म्हणूनच ओळखू लागला. कोडॅकने 2001 च्या इझीशेअर मालिकेत बैठक आणि एक बटण दिले: कॅमेरा बैठकीवर ठेवून बटण दाबले की चित्रे संगणकात जात आणि बॅटरीही भारित होई, अर्थात त्यासाठी कंपनीची आज्ञावली कोणीतरी आधी बसवून द्यावी लागेच.

त्याच वर्षी आलेल्या विंडोज एक्सपीने कॅमेरा जोडताच आपणहून उघडणारा मार्गदर्शक दिला आणि तारेचा प्रश्न बराचसा निकालात निघाला. त्याच्या जागी नावांचा प्रश्न उभा राहिला. डीसीएफच्या चार अंकांमुळे क्रम 9999 नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होई, काही कॅमेऱ्यांत तर कार्ड बदलताच तो नव्याने मांडता येई, त्यामुळे दोन वेगळ्या पाहण्यांतील चित्रांना एकच नाव पडणे सहज शक्य होते. एक्सपीचा मार्गदर्शक चित्रसंचाला नाव विचारी, पण कर्मचाऱ्याने चौकट न बदलता पुढे जाण्याचे बटण दाबले की सगळे संच 'पिक्चर 001' पासून सुरू होत आणि उतरवून झाल्यावर कॅमेऱ्यातील मूळ चित्रे पुसण्याचा पर्यायही त्याच ओघात समोर येई. चित्राबरोबर तारीख-वेळ नोंदवणारी एक्झिफ ही पद्धत 1995 पासून उपलब्ध होती, परंतु ती नोंद कॅमेऱ्यातील घड्याळावर विसंबलेली होती आणि ते घड्याळ लावण्याचे काम कोणाचे, हे कचेरीच्या कामवाटपात क्वचितच लिहिलेले असे.