नेवाकाठचा बर्फमहाल

हार्बिन आणि साप्पोरो येथील हिमशिल्पांच्या उत्सवांची छायाचित्रे आता आपल्या ओळखीची झाली आहेत. साप्पोरोचा उत्सव १९५० मध्ये शाळकरी मुलांनी ओदोरी उद्यानात केलेल्या सहा हिमशिल्पांतून सुरू झाला, तर हार्बिनचा १९६३ मधल्या बर्फदिव्यांच्या मेळ्यातून. दोन्ही आरंभ साधे, नागरी. त्यांच्याही मागे काय होते हे शोधत मी १७४० च्या सेंट पीटर्सबर्गपर्यंत गेलो. तिथला उत्सव वेगळ्याच जातीचा निघाला.

त्या वर्षीच्या कडाक्याच्या हिवाळ्यात, तुर्कस्तानशी झालेल्या तहाच्या आनंदोत्सवासाठी, सम्राज्ञी आना इव्हानोव्हनाच्या दरबाराने नेवा नदीच्या बर्फाचा महाल बांधवला. वास्तुरचनाकार होता प्योत्र येरोपकिन. पहिला प्रयत्न गोठलेल्या नदीवरच झाला, पण भाराने खालचा थर खचू लागला, म्हणून जागा किनाऱ्यावर हलवली. तासलेल्या लाद्या एकमेकींवर रचून सांध्यात पाणी ओतायचे. ते गोठले की चुना-गारा काहीच लागत नसे. लांबी सुमारे सतरा मीटर, उंची सहा मीटरहून थोडी अधिक. दाराशी बर्फाच्या सहा तोफा होत्या. दारू भरून त्या खरोखर उडवल्या गेल्या. शेजारी बर्फाचा हत्ती. तो दिवसा सोंडेतून पाणी उडवी, रात्री जळते तेल. आत पलंग, उशा, रात्रीच्या टोप्या, सपाता, मेजावर गोठवलेले पत्ते. शेगडीतली लाकडेही बर्फाची, वर तेल चोपडून पेटवलेली.

एवढा तपशील मिळतो तो विज्ञान अकादमीतले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक गेओर्ग क्राफ्ट यांच्यामुळे. त्यांनी १७४१ मध्ये आराखड्यांसह या इमारतीचे वर्णन प्रसिद्ध केले. बर्फ हे बांधकामाचे द्रव्य आहे, हे त्यांना मनापासून पटलेले दिसते. ते वाचताना मीही रमलो, हे कबूल करतो. मग त्या पलंगावर कोण निजले ते आठवले.

प्रिन्स मिखाईल गलित्सिन थोर घराण्यातला, पन्नाशी ओलांडलेला. परदेशी स्त्रीशी लग्न करून त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला होता. शिक्षा म्हणून त्याला दरबारी विदूषक करून क्वास वाढायला लावले. त्याचे लग्न सम्राज्ञीच्या सेवेतील काल्मिक स्त्री अव्दोत्या बुझेनिनोवा हिच्याशी लावण्यात आले. हे तिचे आडनावही घराण्याचे नव्हे, तर तिच्या आवडत्या डुकराच्या मांसाच्या पदार्थावरून पडलेले. (तिला काय वाटले असेल याची नोंद कुणी ठेवली नाही.) फेब्रुवारीत वरात निघाली. वधूवर हत्तीवरच्या पिंजऱ्यात. मागे साम्राज्यातल्या नाना जमातींच्या जोड्या आपापल्या पोशाखात, कुणी उंटांवर, कुणी हरणांच्या, कुणी डुकरांच्या गाडीत. कवी त्रेद्याकोव्हस्की याला मंत्री व्होलिन्स्कीने आधी मारहाण केली आणि मग या लग्नासाठी पद्य म्हणायला लावले. रात्री वधूवरांना महालात सोडून दाराशी पहारा बसवला. सकाळी दोघे जिवंत होते.

सम्राज्ञीचा लहरी विक्षिप्तपणा म्हणून हे सारे सोडून देण्याचा प्रघात आहे. मला ते पटत नाही. लहर असती तर अंतःपुरात भागले असते. इथे साम्राज्याचा जणू नकाशाच रस्त्यावरून चालवला, आणि त्याच्या मधोमध एक उमराव पिंजऱ्यात बसवला. बाकीच्या उमरावांनी काय समजायचे ते समजावे. कारागिरी जितकी अस्सल, तितका अपमान पुरा. तोफा उडाल्या नसत्या, शेगडी पेटली नसती, तर ही थट्टा थट्टेवरच राहिली असती.

त्याच जूनमध्ये व्होलिन्स्की आणि येरोपकिन या दोघांचा राजद्रोहाच्या आरोपावरून शिरच्छेद झाला. ऑक्टोबरात सम्राज्ञी वारली. लाझेच्निकोव्हने १८३५ मध्ये या महालावर कादंबरी लिहिली आणि ती खूप वाचली गेली. अलीकडे, २००६ च्या हिवाळ्यात, महालाची प्रतिकृती त्याच शहरात पुन्हा उभी राहिली, या वेळी पर्यटकांसाठी.

मूळ महाल मार्चअखेर कलू लागला. भिंतींचे जे मोठे तुकडे शाबूत होते, ते राजवाड्याच्या बर्फघरात नेऊन ठेवले.