ऐकलेली दमयंती, पाहिलेली दमयंती



महाविद्यालयात रघुनाथ पंडितांचे नल-दमयंती आख्यान शिकवीत असताना एकदा मी विद्यार्थ्यांस पुस्तके मिटावयास सांगितले आणि डोळ्यांपुढे दमयंती कशी येते ते लिहावयास लावले. बहुतेकांनी एकच स्त्री लिहिली. कठड्याशी उभी, तांबडी साडी नेसलेली आणि समोर कठड्यावर हंस. राजा रविवर्म्यांचे १८९९ सालचे चित्र मुलांनी पाठ असल्याप्रमाणे उतरविले होते. महाभारतातील दमयंती तर हंसामागे धावत सख्यांपासून दूर जाते आणि मग तो हंस मनुष्यवाणीने बोलतो. ती धावणारी, धापा टाकणारी दमयंती एकाही उत्तरपत्रिकेत नव्हती.

बडोद्याच्या श्रोत्यांस रविवर्म्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. १८८१ मध्ये सयाजीराव महाराजांस राज्याधिकार मिळाले, त्या सुमारास ते येथे आले. पुढे १८८८ मध्ये महाराजांनी त्यांस चौदा पौराणिक चित्रांचे काम सांगितले. लक्ष्मीविलास राजवाड्यात गेलेली ती हीच चित्रे.

या कामातील खरी अडचण कोणती होती? कंसाच्या हातून कन्या निसटली आणि आकाशात देवी प्रकटली, एवढे म्हटले की कीर्तनकाराचे काम झाले. उरलेले श्रोत्याचे मन करते. चित्रकारास ही मोकळीक नाही. देवीवर उजेड कोठून पडतो, तिचे वस्त्र कसे, वर पाहणाऱ्या कंसाचा चेहरा कसा, हे सारे त्याने ठरवावेच लागते. आपल्या पोथ्यांतील किंवा पिंगुळीच्या चित्रकथीतील चित्रांनी हा प्रश्न ओढवून घेतला नव्हता. तेथे आकृती ही खूण असे. प्रत्यक्षात असेच दिसले असते, असा तिचा दावा नसे.

तैलरंगाने तो दावा केला. हा रंग सावकाश वाळतो, म्हणून एक छटा दुसरीत मिसळता येते. रेशीम रेशमासारखे, सोने सोन्यासारखे आणि त्वचा त्वचेसारखी दिसते. छायाप्रकाशाच्या या खुणा आपला डोळा रोजच्या व्यवहारात ओळखतो व त्यांवर विश्वास ठेवतो. रविवर्म्यांनी तोच विश्वास कधी न पाहिलेल्या जगाकडे वळविला. पौराणिक वेशभूषेच्या शोधात ते व त्यांचे बंधू सी. राजराजवर्मा हिंदुस्थानभर हिंडले. अखेरीस त्यांच्या देवता आपल्या ओळखीची साडी नेसून आल्या.

देव फार मानवी झाले, असा आक्षेप आनंद कुमारस्वामींसारख्या मर्मज्ञांनी घेतला. तो मला निम्मा पटतो. उरलेल्या निम्म्याचे उत्तर छापखान्यात आहे. त्रावणकोरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण झालेल्या सर टी. माधवराव यांनी चित्रांच्या प्रती छापण्याची सूचना केली होती. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा शिळाछापखाना निघाला. एकेका रंगासाठी वेगळा दगड, अशा रीतीने छापलेली लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर गेली. ज्यांना देवळाचा उंबरठा ओलांडू दिला जात नव्हता, त्यांच्या भिंतीवरही ती पोहोचली. कलेच्या चर्चेत या गोष्टीस जेवढे महत्त्व मिळावयास हवे, तेवढे मिळालेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके काही काळ लोणावळ्याजवळच्या याच छापखान्यासाठी काम करीत होते. राजवाड्यातील चौदा चित्रांत हरिश्चंद्र-तारामती आहेत आणि १९१३ मध्ये फाळक्यांनी पडद्यावर आणला तोही राजा हरिश्चंद्रच. भिंतीवरचे पुराण आता हालू लागले.

थोडे स्वतःविषयी सांगतो. लहानपणी आजीच्या मांडीवर पेंगत मी कीर्तनात नलाख्यान ऐकले. नल झोपलेल्या दमयंतीस रानात टाकून जातो, तेथे बुवा थांबत; पेटीही थांबे. त्या अंधारात मला एक दमयंती दिसे. तिचा चेहरा नीट कधीच दिसला नाही, पण ती जागी झाल्यावर काय करील, या विचाराने मला झोप येत नसे. पुढे राजवाड्यात रविवर्म्यांचे नल-दमयंती पाहिले. मन भरून आले, कितीतरी वेळ तेथून हललो नाही. आज या वयात ती जुनी दमयंती आठवू पाहतो, तेव्हा रान येते, बुवांचा आवाज येतो, आजीच्या लुगड्याचा वासही येतो. तिच्या जागी मात्र रविवर्म्यांची दमयंती झोपलेली असते.