पेल्यांची रांग आणि घरचे पान

‘परिसंवाद’ या अर्थाने आज सर्वत्र रूढ असलेला ‘सिम्पोझियम’ हा शब्द मूळचा ग्रीक; त्याचा धात्वर्थ ‘एकत्र पिणे’. प्लेटोच्या त्याच नावाच्या संवादातील प्रेमविषयक भाषणे सुरू होतात ती जेवण उरकल्यानंतर. साहित्याचे अभ्यासक हा तपशील सहसा ओलांडून पुढे जातात. खाद्यसंस्कृतीच्या इतिहासात मात्र तो मोलाचा आहे. ग्रीकांकडे भोजन आणि मद्यपान हे दोन स्वतंत्र विधी होते. जेवण झाले, हात धुतले, देवांना अर्घ्य दिले, की मोठ्या पात्रात पाणी मिसळलेली वाइन यायची. सोबत फार तर फळे किंवा सुका मेवा. पाणी न मिसळता पिणे हे रानटी लोकांचे लक्षण मानले जाई. कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन, हा प्रश्न अशा व्यवस्थेत उद्भवतच नाही.

आज तो प्रश्न उद्भवतो, इतकेच नव्हे, तर त्याचे तयार उत्तरही दिले जाते : मासळीबरोबर पांढरी, मटणाबरोबर तांबडी. हे उत्तर युरोपातील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले शहाणपण असावे, असा आपला समज असतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. या नियमाला आजचे रूप आले ते मुख्यतः वाढण्याच्या पद्धतीतून. आणि तो घरातून मेजवानीत गेला नाही, मेजवानीतून घरात उतरला.

मध्ययुगीन युरोपात अन्न आणि वाइन यांचा मेळ घातला जाई, पण तो वैद्यकाच्या अंगाने. पदार्थ उष्ण की शीत, स्निग्ध की रुक्ष, यावरून त्याची जोड ठरे. मासा शीत व ओला, वाइन उष्ण; म्हणून एकाने दुसऱ्याचा दोष झाकावा. जेवणाच्या शेवटी मसाले घातलेली गोड वाइन दिली जाई, तीही पचनासाठी. आयुर्वेदातील विरुद्धाहाराची कल्पना ज्यांना परिचित आहे, त्यांना ही विचारसरणी परकी वाटणार नाही. येथे निकष पथ्याचा आहे, रुचीचा नंतर.

पुढे फ्रेंच दरबारी पद्धतीत वीस-पंचवीस पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडले जात. पाहुणा हाताशी असेल ते घेई. पेले मेजावर नसत. सेवकाला खूण केली, की तो बाजूच्या फडताळावरून भरलेला पेला आणून देई आणि रिकामा परत नेई. शेजारी बसलेल्या दोघांच्या ताटल्यांत एका क्षणी दोन भिन्न पदार्थ असतील, तर सर्वांसाठी एक वाइन नेमायची कशी? ब्रिया-सावारँ याचा रुचिमीमांसेवरील प्रसिद्ध ग्रंथ 1825 मध्ये निघाला. त्यात पेयांचा क्रम सौम्याकडून तीव्र व सुगंधी पेयांकडे असावा, असे सूत्र आहे. हे सूत्र क्रमाचे आहे. अमुक पदार्थाला अमुक वाइन, असे ते म्हणत नाही.

चित्र पालटले ते तथाकथित रशियन पद्धतीमुळे. पॅरिसमधील रशियाचा राजदूत कुराकिन याने 1810 च्या सुमारास ती तिथे नेली, असे मानले जाते. प्रस्थापित व्हायला तिला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. या पद्धतीत पदार्थ एकामागून एक येतात आणि सर्वांपुढे एकाच वेळी तोच पदार्थ असतो. पदार्थांची रांग लागली, तशी पेल्यांचीही लागली. सूपबरोबर शेरी, मासळीबरोबर पांढरी, भाजलेल्या मांसाबरोबर तांबडी, अखेरीस पोर्ट. किती पेले कोणत्या हेतूने मांडले आहेत हे ओळखता येणे, ही कुलीनतेची परीक्षा ठरली. नियमाच्या पोटात वर्गभेद होता तो असा.

हे नियम चिरंतन नव्हते, याचा पुरावा त्या काळच्या भोजनपत्रिकांतच सापडतो. सोतेर्न ही गोड वाइन आज मिष्टान्नाबरोबर किंवा निळ्या बुरशीच्या चीजबरोबर सुचवली जाते. एकोणिसाव्या शतकात ती मासळीबरोबर दिली जाई. तेव्हाच्या जाणकारांची जीभ बिघडलेली होती, असे थोडेच आहे!

दरम्यान घरात काय चालले होते? द्राक्षे पिकवणाऱ्या गावांत निवडीचा प्रश्नच नव्हता. शिवारात जी वाइन झाली, तीच रोज सर्व पदार्थांबरोबर, बहुधा पाणी घालून. ती भाकरीसारखी अन्नातच गणली जाई. फ्रान्समधील शालेय भोजनगृहांत चौदा वर्षांखालील मुलांना वाइन देण्यावर बंदी आली ती 1956 मध्ये, यावरून ती किती रुळलेली होती हे कळते. पोर्तुगालच्या मिन्यो प्रांतात तर भाजलेल्या तारलीबरोबर तिथली आंबटसर तांबडी वाइन आनंदाने प्यायली जाते. ग्रंथातला नियम तिथल्या चुलीपर्यंत पोचलेला नाही.

म्हणून नियम सर्वस्वी पोकळ आहे असे मात्र नाही. तांबड्या वाइनमधील लोहामुळे मासळीचा उग्र वास जिभेवर रेंगाळतो, असे जपानी संशोधकांनी 2009 मध्ये दाखवून दिले. आणि लोहाचे प्रमाण वाइनगणिक बदलते. म्हणजे अनुभवात तथ्य होते. फक्त रंग हे त्याचे खरे कारण नव्हते. अनुभवाचे सूत्र होताना असे सुलभीकरण होतेच. साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांना हे वेगळे सांगायला नको.

विसाव्या शतकाच्या मध्याला नोकरचाकर नसलेल्या मध्यमवर्गीय घरात हा मेजवानीचा संकेत शिरला, तो पाकपुस्तकांच्या हाताला धरून. ज्युलिया चाइल्ड आणि तिच्या दोन सहलेखिकांच्या 1961 च्या अमेरिकी ग्रंथात मुख्य पदार्थांच्या कृतींबरोबर वाइनची सूचना येते. रांधणारी, वाढणारी आणि पेला निवडणारी व्यक्ती आता एकच झाली.

आपल्याकडे वाइन आली ती प्रथम पातेल्यात. गोव्यातील विंदालूचे मूळ पोर्तुगीज नाव वाइन आणि लसूण यांवरून पडलेले. गोव्यात वाइनची जागा माडाच्या शिरक्याने घेतली. पेल्यातल्या वाइनचा विचार महाराष्ट्रात ठळक झाला तो 2001 मधील राज्याच्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर, नाशिकच्या परिसरात. आणि इथे एक मौजेची अडचण उभी राहिली. मराठी पान हे एकाच वेळी वाढले जाते. वर मीठ आणि लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. वरणभातापासून ताकभातापर्यंत क्रम आहे खरा; पण आंबट, तिखट, तुरट घासागणिक बदलते आणि तो बदल जेवणाराच घडवतो. रांगेसाठी घडलेला नियम या वर्तुळावर बसवायचा कसा? तिखटाचा दाह मद्यार्काने वाढतो, तेव्हा जड, तुरट तांबडीपेक्षा हलकी, किंचित गोड पांढरी बरी, एवढे म्हणता येईल. त्यापुढची सूक्ष्म कोष्टके एका पानापुरतीही टिकत नाहीत.

क्षेमेंद्राने अकराव्या शतकात काव्याच्या संदर्भात औचित्याचा विचार मांडला. कमरपट्टा गळ्यात घातला तर हसे होते. दागिन्याचे मोल जागेवर ठरते. तोच न्याय इथे लावावा. जागा म्हणजे जेवणाची मांडणी. ती न पाहता उसना आणलेला नियम घरच्या पानावर गळ्यातल्या कमरपट्ट्यासारखाच दिसणार. आपल्या पानाचे औचित्य कोणी ठरवायचे असेल, तर ते पान वाढणाऱ्या हातांनी आणि जेवणाऱ्या जिभांनी. तसे केल्याने परंपरेचा अवमान होत नाही. मिन्योच्या कोळ्या-शेतकऱ्यांनीही तारली भाजताना दुसरे काय केले?